एका नंबरची दोन मशीनं

खंडू शेजवळ महापालिकेत चावीवाला होता. ज्यांच्या नळाला दिवसभर पाणी असतं त्यांना हे पद ठाऊक नसतं, म्हणून सांगावं लागतं. रस्त्यावरचं लोखंडी झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी आत घालायची आणि फिरवायची, की एका गल्लीचं पाणी बंद होऊन दुसऱ्या गल्लीचं सुरू होतं. घाटकोपरच्या टेकडीवर लोक नगरसेवकाला विचारत नसत इतकं खंडूला विचारत. जरा जास्त वेळ सोड म्हणून कुणी चहा पाजायचं, कुणी शिव्या घालायचं. खंडू चहा प्यायचा, शिव्या ऐकायचा आणि चावी ठरल्या वेळीच फिरवायचा. स्वतःच्या गल्लीलाही त्याने कधी जास्तीचा हंडा भरू दिला नाही. त्याची बायको राधा हे पुण्य अजून विसरलेली नाही. ती त्याला पुण्य म्हणत नाही, एवढंच.

असा माणूस निवृत्त झाला की वस्ती त्याला मोकळा सोडत नाही. मैत्री बुद्धविहाराच्या समितीने त्याला सचिव करून टाकलं. विहाराच्या पोटमाळ्यावर मुलांची अभ्यासिका आहे: टेबलं, पंखे, नवे-जुने लॅपटॉप आणि वर्गणी काढून घेतलेलं वायफाय. वायफाय आलं त्या महिन्यात अभ्यासिकेत इतकी गर्दी झाली की समितीला भरून आलं. पुढच्या महिन्यात कळलं, अर्धी गर्दी क्रिकेट बघायला येते. पासवर्ड बदलला, तर तो संध्याकाळपर्यंत खालच्या सलूनमध्ये पोचला आणि तिथून रिक्षा स्टँडवर. तेव्हा खंडूच्या सुनेने, चेतनाने, उपाय सांगितला. प्रत्येक मशीनच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच एक नंबर येतो. राउटरला सांगून ठेवायचं की याच नंबरांना आत घे, बाकीच्यांना नको. मग पासवर्ड सगळ्या टेकडीला पाठ असला तरी बिघडत नाही.

खंडूला उपाय फारच आवडला. पुन्हा एकदा हातात चावी आली आणि या वेळी झाकणही उचलायचं नव्हतं. त्याने नियम केले. एक सभासद, एक मशीन. मोबाइल नाही. नवा नंबर घालायचा तर रविवारी वंदना झाल्यावर समितीपुढे ठराव, त्याला सूचक, त्याला अनुमोदक, मग मंजुरी, मग सचिव नंबर टाकणार. लग्न यापेक्षा कमी माणसांत उरकतं, असं राधा म्हणाली होती.

या नियमावर पहिला डोकं आपटलेला माणूस म्हणजे खुद्द अध्यक्ष, चंद्रप्रकाश ओव्हाळ. सहकारी बँकेतून निवृत्त, इस्त्रीचा सदरा, बोलण्यात गोड. त्यांच्या पुतण्याने, केतनने, नवा टॅब घेतला आणि त्याचा नंबर हळूच टाकून घ्यावा म्हणून अध्यक्षांनी खंडूच्या खांद्यावर हात ठेवला. खंडूने तो हात तिथेच राहू दिला आणि विषय रविवारच्या सभेत मांडला. केतनकडे नोंदलेला लॅपटॉप आहे, तेव्हा टॅब नाही. "एकाला सोडलं की रांग मोडते," असंही तो सभेत म्हणाला. चंद्रप्रकाश हसले. ते हसू खंडूने मनात उधारीच्या बाजूला मांडून ठेवलं. व्याजासकट परत येणार हे नक्की होतं.

ते तीनच दिवसांत आलं.

चेतना मूळची गोवंडीची. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आली, आणि लग्नानंतर स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानात लोकांना स्क्रीनगार्ड लावत बसली. वर्षभरापूर्वी तिने ते सोडलं आणि रोज अभ्यासिकेत जाऊन नेटवर्कचं शिकू लागली. अंधेरीची एक कंपनी होती, दुसऱ्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणारी. तिथे अर्ज, मग फोन, मग आणखी एक फोन, असं करत शेवटची परीक्षा ठरली होती बुधवारी दुपारी, ऑनलाइन. कंपनीच्या सर्व्हरवर बिघाड करून ठेवलेले असणार, ते तिने इथून शोधून दुरुस्त करायचे. कॅमेरा चालू राहणार. आजूबाजूला माणसं असली तर असोत, पण कुणाशी बोलायचं नाही, खुर्ची सोडायची नाही, दुसऱ्या मशीनला हात लावायचा नाही. यातलं एक जरी झालं तरी परीक्षा रद्द, आणि पुन्हा बसायची सोय नाही. घरी मोबाइलला रेंज येते ती दाराच्या एका कोपऱ्यात, तीही दार उघडं असलं तर. त्यामुळे अभ्यासिकेशिवाय जागाच नव्हती.

बुधवारी सकाळी चेतनाने लॅपटॉप उघडला. दिवा लागला, पंखा फिरला, पडदा मात्र काळाच राहिला. तिने तो बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला. शेवटी तिचा नवरा आकाश, जो एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघर रक्ताचे नमुने गोळा करत फिरतो, त्याने लॅबला अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि लॅपटॉप पाठीवर टाकून स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे पळाला. चेतना समोरच्या रुक्मिणीमावशींकडे गेली. त्यांचा मुलगा दुबईला जाताना जुना लॅपटॉप ठेवून गेला होता, ज्यावर मावशी गोधडीच्या घड्या ठेवत. चेतनाने गोधड्या उतरवल्या आणि आपला पेनड्राइव्ह लावला. तिची लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम, त्या पेनड्राइव्हवरूनही सुरू होई. पाच मिनिटं कण्हून ती सुरू झाली. आता एकच गोष्ट राहिली.

खंडू दाढी करत होता.

"मामा, एक नंबर लिस्टमध्ये टाकता का? फक्त आजच्यापुरता."

"आज बुधवार आहे."

"माहितीये."

"ठराव रविवारी होतो."

"परीक्षा आज आहे, मामा."

"मग रविवारी सांगायचं होतंस."

"रविवारी लॅपटॉप चालू होता!"

आतून राधाचा आवाज आला. "कुणापुढे डोकं फोडतेस गं? आकाशच्या नामकरणाला घरभर पाहुणे, हंडे कोरडे, आणि हा माणूस समोरच्या गल्लीत पाणी सोडून आला आणि मला सांगतो, आपली वेळ पाचची. मी पाहुण्यांना पाचला चहा दिला."

"दिलास ना? मग झालं," खंडू म्हणाला आणि त्याने गालावर वस्तरा जरा खोल लावून घेतला.

रक्त पुसून, सदरा घालून तो अध्यक्षांकडे निघाला. काहीतरी केलं पाहिजे असं त्याला वाटत होतं, आणि घरात बसणं तर आता शक्यच नव्हतं. चंद्रप्रकाश ओट्यावर पेपर वाचत होते.

"जय भीम, अध्यक्ष."

"जय भीम, जय भीम. या सचिव. आज इकडे कसे?"

खंडूने सगळं सांगितलं. चंद्रप्रकाश ऐकताना मान अशी हलवत होते, जशी लोक चांगलं गाणं ऐकताना हलवतात.

"अरेरे. सूनबाई म्हणजे आपलीच लेक. माझा पूर्ण पाठिंबा आहे, खंडूभाऊ."

"मग टाकू?"

"टाकू कसं? ठरावाशिवाय? रविवारी तुम्हीच म्हणालात ना, एकाला सोडलं की रांग मोडते? काय वाक्य होतं हो! मी घरी जाऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, खरं आहे."

"केतनचं वेगळं होतं. त्याच्याकडे दुसरं मशीन आहे."

"वेगळं तर सगळ्यांचंच असतं," चंद्रप्रकाश म्हणाले आणि पेपरची घडी उलटून त्यांनी पुढचं पान काढलं.

खंडू परत आला तेव्हा चेतना उंबऱ्यात बसली होती, मांडीवर तो जुना लॅपटॉप. त्याच्या चेहऱ्यावरूनच तिला उत्तर कळलं.

"मामा, मग मी दुसरं करते. लिस्टला हात लावायची गरज नाही."

"काय करतेस?"

"कार्डावर कारखान्याचा नंबर असतो, पण राउटरला तो सांगते कोण? सिस्टिम. आणि तिला आपण म्हटलं, हा नको, हा सांग, तर ती तो सांगते. कार्ड बंद करायचं, नवा नंबर द्यायचा, कार्ड चालू करायचं. बास. माझ्या लॅपटॉपचा नंबर मला पाठ आहे. तो या मशीनला दिला की राउटरला वाटणार मीच आले."

खंडू खाली बसला. आपण वर्षभर ज्या चावीवर मिशीला पीळ देत होतो ती कुणीही फिरवू शकतं, हे पचायला त्याला वेळ लागला.

"इतकं सोपं आहे?"

"येत असेल तर."

"आणि हे तू मला तेव्हा सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि पोरांना माहीत नव्हतं तोवर चाललं ना झकास?"

"चेतना, हे दुसऱ्याचं नाव सांगून आत घुसणं झालं."

"दुसऱ्याचं कुठे? नाव माझं, नंबर माझा, समितीने मंजूर केलेला. सूचक तुम्हीच होतात. मशीन तेवढं बदली आहे. तुमच्या खात्यात बदली कामगार नव्हते का?"

"बदलीचा हजेरीपट वेगळा असायचा," खंडू म्हणाला. मग त्याने हात झटकले. "हे बघ. मी यातलं काही ऐकलेलं नाही."

"बरं. नाही ऐकलंत. फक्त एक काम करा. आकाश फोन उचलत नाहीये. त्याला सांगायचंय की माझा लॅपटॉप नीट झाला तरी विहारात चालू करू नकोस. एका नंबरची दोन मशीनं एकाच राउटरवर आली की दोघांचंही तुटतं. एक आत येतं, दुसऱ्याला ढकलतं, पुन्हा दुसरं येतं. माझा फोन आता बंद राहणार. तुम्ही सांगाल ना?"

"जे मी ऐकलंच नाही ते मी सांगू कसं?"

चेतना हसली. तिला वाटलं, सासरा थट्टा करतोय. सासऱ्याने आयुष्यात थट्टा केली नव्हती हे तिला लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तरी कळायला हवं होतं.

दुपारी अभ्यासिकेत चेतना खिडकीजवळच्या टेबलाशी बसली. खंडू जिन्याशेजारच्या सचिवाच्या टेबलामागे. अध्यक्ष एरवी दुपारचे झोपतात, पण आज पेपर घेऊन नेमके समोरच्या खुर्चीत येऊन बसले होते, आणि सकाळी वाचलेलाच पेपर ते पुन्हा पहिल्या पानापासून वाचत होते.

चेतनाचा पडदा खंडूला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. माणसाच्या पाठीवरून त्याचा हिशेब कळतो, हे तो पाण्याच्या रांगांकडे बघून शिकला होता. तिने काहीतरी टाइप केलं आणि पाठ ताठ झाली. कार्ड बंद करायच्या आधीच तिने नंबर दिला होता आणि सिस्टिमने सांगितलं, कार्ड कामात आहे, आत्ता जमणार नाही. घाईत माणूस पहिली पायरीच विसरतो. तिने कार्ड बंद केलं, नंबर दिला, चालू केलं. तरी पाठ ताठच. आता नेटवर्क जोडणारा प्रोग्राम शहाणपणा करून जोडताना कारखान्याचाच नंबर परत लावत होता. तिने त्या जोडणीच्या सेटिंगमध्येच आपला नंबर लिहून टाकला आणि पुन्हा जोडलं. खांदे खाली आले.

"सूनबाईंचं जमलं वाटतं काहीतरी?" चंद्रप्रकाश पेपरवरून हळूच म्हणाले.

"अभ्यासिकेत बोलू नये," खंडू म्हणाला.

परीक्षा सुरू झाली. चेतनाने हेडफोन लावले, कॅमेऱ्यापुढे आपलं ओळखपत्र धरलं आणि तिची बोटं चालू लागली. कोणती मशीनं आत्ता जोडलेली आहेत हे खंडूला आपल्या फोनमधल्या राउटरच्या ॲपवर बघता आलं असतं. त्याने ते बघितलं नाही. न बघणं हा गुन्हा नव्हे, असं त्याने स्वतःला समजावलं, आणि एकदा समजावून भागेना म्हणून पुन्हा समजावलं. मग त्याने फोन काढला, आकाशचं नाव वर आणलं आणि अंगठा त्यावर धरून ठेवला. फोन करायचा म्हणजे काय सांगायचं? सांगायचं म्हणजे आपल्याला माहीत होतं असं झालं. माहीत असून गप्प बसलो, म्हणजे सचिव म्हणून संपलो. त्याने फोन खिशात ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. चंद्रप्रकाश सगळं बघत होते. पेपरचं पान कधीचं उलटलं नव्हतं.

आणि जिन्यावर धापा ऐकू आल्या. आकाश वर आला, घामाने निथळत, चेहऱ्यावर मुलगा झाल्यासारखा आनंद. परीक्षेत बायकोशी बोलायचं नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून तो बिचारा तोंडातून अवाक्षर न काढता, चवड्यांवर चालत तिच्या शेजारच्या रिकाम्या टेबलापर्यंत गेला, पाठीवरून लॅपटॉप काढला, आणि तो जिवंत आहे हे तिला दिसावं म्हणून उघडून चालू करून ठेवला. पडदा उजळला. वर्षभर रोज ज्या वायफायला जोडायची सवय, त्याला तो लॅपटॉप आपोआप जोडला गेला.

चेतनाची बोटं थांबली.

तिने पडद्याकडे बघितलं, मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारी. उजळलेला लॅपटॉप दिसला आणि तिचे डोळे मोठे झाले. आकाशने ते डोळे बघितले आणि त्यातून त्याला जो अर्थ काढायचा तो त्याने काढला: जुना डबा बसला, हिला स्वतःचा हवाय. त्याने तो लॅपटॉप तिच्या दिशेने आणखी सरकवला.

"हा घे ना," तो अगदी हळू म्हणाला. "मस्त चालतोय. रॅम काढून खोडरबराने घासली, बास."

चेतनाने मान हलवली नाही, कारण कॅमेरा होता. ओठ हलवले नाहीत. तिचं नेट क्षणभर आलं, हेडफोनमध्ये कुणीतरी अर्धं वाक्य बोललं, पुन्हा गेलं. बाकड्यावर एकाचीच जागा आणि दोघं एकमेकांना ढकलून बसताहेत, तसं चाललं होतं. तिचा हात त्या लॅपटॉपच्या झाकणापासून वीतभर अंतरावर होता आणि तो तिला उचलता येत नव्हता. मग तिने समोर बघितलं, जिन्याशेजारच्या टेबलाकडे. त्या नजरेत विनवणी वगैरे काही नव्हतं. तुम्ही याला सांगितलं नाहीत? एवढंच होतं.

खंडू उठला. तो सहसा सावकाश उठतो, गुडघ्यांमुळे. आज खुर्ची मागे पडली. तो टेबलांमधून गेला, आकाशने आणलेल्या लॅपटॉपचं झाकण धाडकन बंद केलं, लॅपटॉप काखेत मारला आणि जिना उतरू लागला.

"पप्पा! अहो पप्पा, काय करताय? तिचं नेट गेलंय!" आकाश मागे. त्याच्या मागे चंद्रप्रकाश, हातात पेपर तसाच.

खाली सभागृहात मूर्तीसमोर सतरंजी अंथरलेली होती. खंडूने लॅपटॉप खिडकीत ठेवला आणि वळला.

"आता आलं असेल तिचं," तो म्हणाला.

"आलं कसं?" आकाश म्हणाला. "तुम्ही तर चांगला लॅपटॉप घेऊन आलात!"

"दोन्हींचा नंबर एक आहे. तुझं चालू झालं की तिचं तुटतं. तिने मला सांगितलं होतं तुला सांगायला."

"मग सांगितलं का नाही?"

याला उत्तर होतं, पण ते मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं. चंद्रप्रकाशांनी त्याची अडचण दूर केली.

"एक मिनिट, एक मिनिट. खंडूभाऊ, मला कळू द्या. वर सूनबाई बसल्यात ते मशीन रुक्मिणीबाईंचं. बरोबर?"

"बरोबर."

"त्याला मंजुरी नाही."

"नाही."

"आणि ते आपल्या वायफायवर चालू आहे."

"हो. चेतनाच्या लॅपटॉपचा नंबर सांगून. मला सकाळपासून माहीत होतं."

चंद्रप्रकाशांनी हातातला पेपर काखेत धरला. खंडू नाकारील, मग आपण एकेक पुरावा काढू, अशी त्यांनी तयारी केली होती. पहिल्याच वाक्यात माणूस कबूल झाला की उरलेल्या तयारीचं काय करायचं, हे त्यांना बँकेत कुणी शिकवलं नव्हतं.

"मग सचिव या नात्याने तुम्ही काय करायला हवं?"

"बंद करायला हवं."

"मग करा."

"नाही करत."

आकाशने बापाकडे असं बघितलं जसं कुणी विजेच्या खांबाला चालताना बघावं.

"ठीक आहे. मग मी करतो," चंद्रप्रकाश म्हणाले. राउटरचं बटण जिन्याखालच्या बोर्डावर होतं. ते तिकडे निघाले आणि खंडू त्यांच्या आधी जाऊन बोर्डाला पाठ लावून उभा राहिला.

"बाजूला व्हा, सचिव."

"वर सगळी पोरं बसलीत, अध्यक्ष. बटण दाबलंत तर सगळ्यांचं जाईल. त्यांनी काही केलेलं नाही."

"आणि हिने?"

"हिने केलंय. मी करू दिलंय. हिचं गेलं तर पुन्हा मिळणार नाही. माझं काय, माझ्यावर रविवारी ठराव आणा. सचिवाने नियम मोडला म्हणून. सूचक तुम्ही व्हा."

"सूचक मी होईन हो. अनुमोदक कोण होणार? सगळी वस्ती तुमच्या पाण्यावर वाढलेली."

"मी होतो अनुमोदक."

चंद्रप्रकाशांचा बोर्डाकडे निघालेला हात खाली आला. एखाद्या पट्टीच्या जुगाऱ्यापुढे कुणी नवा डाव मांडावा, तसा त्यांचा चेहरा झाला. "थांबा. ज्याच्याविरुद्ध ठराव, तोच अनुमोदक? असं चालतं का?"

"नियमात नाही म्हटलेलं नाही."

"पण हो असंही म्हटलेलं नाही."

"मग ते आधी ठरवावं लागेल," खंडू म्हणाला आणि बोर्डासमोरच, सतरंजीच्या कडेवर, बसला. "बसा ना, अध्यक्ष."

चंद्रप्रकाश बसले. नियमाचा मुद्दा निघाला की त्यांच्याने उभं राहवत नसे. आधी अनुमोदकाचं ठरलं. मग ठरावाची भाषा निघाली. चंद्रप्रकाश म्हणाले 'गैरवर्तन' लिहू. खंडू म्हणाला, गैरवर्तन म्हणजे दारू पिऊन येणं, हे 'कर्तव्यात कसूर' आहे. चंद्रप्रकाश म्हणाले, कसूर फार मवाळ होतो. खंडूने 'हेतुपुरस्सर' हा शब्द स्वतःहून पुढे घातला आणि चंद्रप्रकाश इतके खूश झाले की त्यांनी आकाशला चहा आणायला पाठवलं. चहा आला, प्यायला गेला. सचिवपद काढून घ्यायचं ते कायमचं की वर्षभरासाठी, यावर दोघांची खडाजंगी झाली. कायमचं काढा असं खंडूचं म्हणणं होतं. आकाश भिंतीला टेकून ऐकत होता, आणि आपला बाप भांडतो आहे की वेळ काढतो आहे, हे त्याला काही केल्या कळेना. खंडूला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, ठराव आहे, नीटच व्हायला पाहिजे.

चेतना जिना उतरून आली तेव्हा ऊन खिडकीतून सरकून गेलं होतं.

"झाली?" आकाश म्हणाला.

"झाली." ती पायरीवरच बसली. "मधे तुटलं तेव्हा परीक्षा घेणाऱ्या सरांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, एका पत्त्याची दोन मशीनं आली होती नेटवर्कवर. म्हणाले, कशावरून म्हणता? मग सांगितलं कशावरून. त्यात त्यांनी बराच वेळ घेतला."

"रागावले?"

"माहीत नाही. रागावलेले वाटत नव्हते." मग तिने नवऱ्याकडे बघितलं. "आणि तू रे! रॅम खोडरबराने घासली काय? तुझ्या डोक्याला घास ते खोडरबर!"

"मला कुणी सांगितलं का?" आकाश म्हणाला.

चेतनाने खंडूकडे बघितलं. "मामा, तुम्ही खरंच त्याला फोन केला नाहीत?"

"नाही."

"का?"

"मी ऐकलं नव्हतं," खंडू म्हणाला.

चेतना या वेळी हसली नाही. त्या संध्याकाळी तिने घरातल्या बाकी सगळ्यांना चहा दिला, आणि खंडूला राधाने दिला. राधाने कप त्याच्या हातात ठेवला, काही टोमणा मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच झालं होतं, आणि खंडूला त्याची धास्तीच वाटली.

रविवारी वंदना झाली, ठराव झाला. सूचक चंद्रप्रकाश ओव्हाळ, अनुमोदक खंडू शेजवळ. वस्तीतल्या निम्म्या बायकांनी विरोध करायचं ठरवलं होतं, पण अनुमोदकाने इतक्या ठासून बाजू मांडली की त्यांचे हात खालीच राहिले. नवा सचिव मिळेपर्यंत कार्यभार अध्यक्षांकडे गेला. राउटरचा पासवर्डही.

सोमवारी दुपारी अंधेरीहून चेतनाला मेल आला: पहिल्या तारखेपासून या. ती तो दारातल्या रेंजच्या कोपऱ्यात उभी राहून वाचत होती. पुन्हा वाचला. मग आत येऊन तिने सासूच्या पायाला हात लावला, सासऱ्याच्या पायाला हात लावला, आणि सासऱ्याला म्हणाली, "चहा टाकते, मामा."

चहा उकळत असतानाच चंद्रप्रकाश दारात आले. चपला काढल्या, नोकरीची बातमी ऐकून सूनबाईंचं तोंडभर कौतुक केलं, पाट ओढून बसले आणि थोडे घुटमळले.

"खंडूभाऊ, ते राउटरचं... पासवर्ड बदलायचाय म्हणतात. कुठे टाकतात तो?"

"चेतना दाखवेल."

"हो, हो. आणि एक." चंद्रप्रकाशांनी दाराकडे बघून आवाज उतरवला. "सकाळपासून केतन मागे लागलाय. म्हणतो, काका, आता तर चावी तुमच्याच हातात आहे. त्याची आईसुद्धा येऊन बसली होती. त्यांना नाही कसं म्हणायचं हो? तुम्ही काय म्हणायचात?"

खंडूने विचार केला. मग तो गुडघे धरून उठला आणि कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवू लागला.

"ते मला सांगता येणार नाही. मी आता सचिव नाही."

"अहो, मग निघालात कुठे?" राधा आतून ओरडली. "चहा झालाय!"

"पासवर्ड टाकतायत. मी समोर असणं बरोबर दिसत नाही."

"अहो, तुम्ही बसा हो!" चंद्रप्रकाश म्हणाले. "तुमच्यापासून काय लपवायचंय?"

पण खंडू बाहेर पडला होता. दारापासून चार पावलं पुढे जाऊन तो गल्लीत पाठमोरा उभा राहिला. समोर रुक्मिणीमावशी गोधड्या झटकत होत्या.

"भाऊ, घरात पाहुणे आणि तुम्ही बाहेर?"

"काम चाललंय आत," खंडू म्हणाला. दारातल्या रेंजच्या कोपऱ्यातून चेतनाचा आवाज येत होता, काका, इथे जुना, इथे नवा, आणि नवा दोनदा. चंद्रप्रकाश एकेक अक्षर मोठ्याने म्हणत फोनवर टाइप करत होते. खंडूने दोन्ही कानांवर हात ठेवले.